पाण्याच्या सूत्रातला तो ‘२’ आला कुठून?

पाणी म्हणजे एच२ओ. रसायनशास्त्राचं नाव काढलं की ज्याला घाम फुटतो त्यालाही एवढं ठाऊक असतं. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. पण दोनच कशावरून? एक का नाही, तीन का नाहीत? अणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. हे सूत्र ठरलं त्या काळात तर अणू खरोखर असतात की नाही यावरही विद्वानांचं एकमत नव्हतं. तरीही त्यांनी तराजू, काचेची भांडी आणि वायू मोजायच्या नळ्या एवढ्या सामग्रीवर हा आकडा बरोबर काढला. त्याला पन्नासएक वर्षं लागली, आणि त्या पन्नास वर्षांत चांगली भांडणं झाली. सूत्र म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायचं तर मला तो भांडणांचा रस्ताच सरळ वाटतो. पाठ्यपुस्तकात सूत्र आधी येतं आणि पुरावा बहुधा येतच नाही. मग ते घोकलं जातं आणि परीक्षा संपली की विसरलं जातं.

आधी द्रव्याची वर्गवारी उरकून घेऊ. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. कुठलंही द्रव्य हातात आलं की रसायनशास्त्रज्ञ पहिल्यांदा विचारतो, हे एकच आहे की सरमिसळ? हवा ही सरमिसळ, म्हणजे मिश्रण. तिच्यात नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन आपापले गुण सांभाळून शेजारी शेजारी असतात, आणि प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी ती हवाच राहते. मिठाचं पाणी हेही मिश्रण. पाणी उडवून लावलं की मीठ खाली उरतं. पाण्याचं स्वतःचं मात्र तसं नाही. ते उकळा, गोठवा, गाळा, त्यातून हायड्रोजन निघत नाही. त्यासाठी विजेचा प्रवाह सोडावा लागतो, जो १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी सोडला. मग मिळतात दोन वायू. एक स्वतः पेटतो, दुसरा पेटायला मदत करतो, आणि दोघांचं मिळून झालेलं पाणी आग विझवतं. घटकांचे मूळ गुण असे पुसले जातात तेव्हा ते संयुग असतं. आणि रासायनिक मार्गानं ज्याचे आणखी घटक पाडता येत नाहीत ते मूलद्रव्य.

मूलद्रव्याची ही व्याख्या आंत्वान लाव्हाझिएनं १७८९ साली पक्की केली. तिच्यात एक सावधपणा आहे: ज्याचे घटक अजून कोणाला पाडता आले नाहीत, ते आज मूलद्रव्य समजायचं, उद्या कोणाला पाडता आले तर यादीतून काढायचं. त्याच्या यादीत ३३ नावं होती आणि त्यात प्रकाश होता, उष्णता होती, चुनाही होता. आज यादीत ११८ आहेत, आणि त्याची ही तिन्ही नावं गळाली आहेत. यादी चुकली, व्याख्या टिकली. लाव्हाझिएची दुसरी देणगी म्हणजे तराजूचा हट्ट. बंद भांड्यात काहीही जाळा, गंजू द्या, विरघळवा, आधीचं एकूण वजन आणि नंतरचं एकूण वजन सारखंच भरतं. याचा अर्थ द्रव्य कुठे नाहीसं होत नाही, त्याची फक्त मांडणी बदलते. पुढचं सगळं या एका भरवशावर उभं आहे.

तराजू नेटानं वापरायला लागल्यावर एक विलक्षण गोष्ट पुढे आली. जोझेफ प्रूस्त यानं तांब्याचा कार्बोनेट खाणीतून आलेला घेतला आणि प्रयोगशाळेत बनवलेलाही घेतला. दोन्हींत तांबं, कार्बन आणि ऑक्सिजन यांचं वजनी प्रमाण एकच निघालं. १७९९ साली त्यानं हे मांडलं: संयुग कुठूनही आणा, कसंही बनवा, घटकांचं प्रमाण ठरलेलं. क्लोद बर्थोले या त्याच्या तोलामोलाच्या रसायनशास्त्रज्ञाला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, प्रमाण परिस्थितीनुसार थोडंफार सरकतं. दोघांचा वाद काही वर्षं चालला, अत्यंत सभ्य भाषेत, आणि शेवटी प्रूस्तची सरशी झाली.

पण प्रमाण ठरलेलं का असावं? याचं उत्तर मँचेस्टरच्या जॉन डाल्टननं दिलं. अणूची कल्पना जुनीच. कणादानं मांडली, डेमोक्रिटसनं मांडली. तत्त्वज्ञांच्या अणूला वजन नव्हतं, डाल्टननं ते दिलं. एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या भाराचे, वेगळ्या मूलद्रव्याचे वेगळ्या भाराचे, आणि संयुग म्हणजे ठरावीक संख्येनं जोडलेले अणू. असं धरलं की प्रमाण आपोआप ठरलेलं येतं. शिवाय त्यातून एक भाकीत निघतं, आणि ते फार सुंदर आहे. कार्बन आणि ऑक्सिजनची दोन संयुगं घ्या. एकात १२ ग्रॅम कार्बनबरोबर १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात तेवढ्याच कार्बनबरोबर ३२. बरोबर दुप्पट, २० नाही की २५ नाही. अणू अर्धा जोडता येत नसेल तर दुसरं काय होणार? पहिला वायू कार्बन मोनॉक्साइड, जीवघेणा विषारी. दुसरा कार्बन डायऑक्साइड, जो आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो. फरक एका ऑक्सिजन अणूचा.

इथपर्यंत सगळं झकास. आता अडचण पाहा.

पाण्याचं पृथक्करण केलं तर हायड्रोजनच्या १ भागाला ऑक्सिजन ८ भाग भरतो. डाल्टनच्या काळातलं मोजमाप ढोबळ होतं, त्यामुळे १८०८ साली त्यानं छापलेला आकडा ७ आहे; ते सोडून देऊ. १ला ८ हे प्रमाण हातात आहे. त्यावरून सूत्र कसं काढायचं? ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड असेल, तर एकाला एक जोडला की प्रमाण जुळतं आणि सूत्र एचओ. ऑक्सिजनचा अणू सोळापट जड असेल, तर हायड्रोजन दोन लागतात आणि सूत्र एच२ओ. चौपटच जड असेल तर एचओ२. तिन्ही उत्तरं तराजूला सारखीच मान्य! अणूचा भार माहीत असता तर सूत्र निघालं असतं, सूत्र माहीत असतं तर भार निघाला असता. समीकरण एक आणि अज्ञात दोन. डाल्टननं हा पेच एका नियमानं सोडवला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक धरावं. नियमाला साधेपणा सोडला तर कसलाच आधार नव्हता. म्हणून त्याचं पाणी एचओ, आणि त्याच नियमानं त्याचा अमोनिया एनएच.

दुसरं समीकरण त्याच वर्षी पॅरिसमध्ये तयार झालं. जोझेफ गे-ल्युसॅकनं वायूंचं वजन न पाहता आकारमान पाहिलं. सारख्या तापमानाला आणि दाबाला दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांचा संयोग होतो, आणि वाफ मिळते दोन लिटर. साडेतीन नाही, पावणेदोन नाही, लहान पूर्णांक. वायूंच्या आकारमानाचा आणि अणूंच्या संख्येचा काहीतरी थेट संबंध आहे असं यातून ओरडून सांगितलं जात होतं.

सगळ्यात सोपा संबंध म्हणजे सारख्या आकारमानात सारखे कण. तसं धरून हिशेब करा. एका लिटरमध्ये समजा शंभर कण. दोनशे हायड्रोजन कण आणि शंभर ऑक्सिजन कण यांपासून दोनशे पाण्याचे कण झाले. पाण्याच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हवाच, म्हणजे शंभर ऑक्सिजन कण दोनशे जागी वाटले गेले. प्रत्येकी अर्धा! डाल्टनला हे पटणं शक्यच नव्हतं. अणूचा अर्धा होत नाही यावरच तर त्याची सगळी इमारत उभी होती. आणखीही एक विचित्र गोष्ट होती. पाण्याची वाफ तेवढ्याच आकारमानाच्या ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. ऑक्सिजनच्या कणात हायड्रोजन मिळवल्यावर कण जड व्हायला हवा, इथे तो हलका होतो. डाल्टननं निष्कर्ष काढला की गे-ल्युसॅकची मोजमापंच कच्ची आहेत. मोजमापं चांगली होती.

१८११ साली अमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं गाठ सोडवली. ऑक्सिजन वायूतला सुटा कण म्हणजे अणू, असं कोणी सांगितलं? तो दोन अणूंची जोडी असेल तर? मग शंभर जोड्या फुटून दोनशे अणू होतात, एकेक पाण्याच्या एकेका कणात जातो, आणि कुठलाही अणू अर्धा करावा लागत नाही. वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी का हेही सुटतं: जोडीतला एक जड अणू जाऊन त्याच्या जागी दोन हलके हायड्रोजन आलेले असतात. वायूतल्या या सुट्या कणाला आपण आज रेणू म्हणतो. ऑक्सिजनचा रेणू ओ२, हायड्रोजनचा एच२, पाण्याचा एच२ओ. उत्तर १८११ मध्येच कागदावर आलं होतं. त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

न पाहण्याला कारण होतं. त्या वेळचा सगळ्यात वजनदार रसायनशास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचा याकोब बर्झेलियस. त्याच्या मते अणू एकमेकांना धरतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे. तसं असेल तर ऑक्सिजनला ऑक्सिजन चिकटणार कसा? दोन्ही सारख्या भाराचे, ते एकमेकांना ढकलणार. आज आपल्याला सहसंयुज बंध माहीत आहे, दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात हे माहीत आहे, म्हणून हा आक्षेप पोरकट वाटतो. तेव्हा इलेक्ट्रॉनच कोणाला माहीत नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये.

बर्झेलियसला खलनायक करायचं कारण नाही. सूत्रं लिहायची पद्धत त्याचीच. डाल्टन प्रत्येक अणूसाठी वर्तुळ काढायचा, कुठे ठिपका, कुठे आडवी रेघ, आणि मोठं संयुग आलं की पानभर नक्षी व्हायची. बर्झेलियसनं १८१३–१४ मध्ये लॅटिन नावांची अक्षरं घेतली. लोखंड फेरम म्हणून एफई, सोनं ऑरम म्हणून एयू, सोडियम नेट्रियम म्हणून एनए. संख्या त्यानं अक्षराच्या डोक्यावर लिहिली; १८३० च्या दशकात जर्मनीत ती पायाशी आली आणि तिथेच राहिली. रोमन लिपीत पहिलं अक्षर मोठं आणि दुसरं लहान हा संकेत कटाक्षानं पाळावा लागतो. ‘सी’ मोठा आणि ‘ओ’ लहान असेल तर तो कोबाल्ट हा धातू, दोन्ही मोठे असतील तर तोच मघाचा विषारी वायू.

अक्षराच्या पायाशी असलेला आकडा आणि सूत्राच्या आधी असलेला आकडा यांत नवशिके हमखास फसतात, म्हणून तेही इथेच सांगतो. पायाचा आकडा रेणूच्या आतला. तो बदलला की पदार्थच बदलतो: एच२ओ पाणी, एच२ओ२ हायड्रोजन पेरॉक्साइड, जे तेनार यानं १८१८ मध्ये बनवलं आणि जे केसांचा रंगही उडवतं. आधीचा आकडा रेणूंची संख्या सांगतो. २एच२ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू, पदार्थ तोच. समीकरण संतुलित करताना हात लावायचा तो फक्त आधीच्या आकड्याला. २एच२ + ओ२ → २एच२ओ. डावीकडे हायड्रोजनचे चार अणू, उजवीकडे चार. ऑक्सिजनचे दोन, उजवीकडेही दोन. लाव्हाझिएचा तराजू जुळला. घाईत असलेला विद्यार्थी ओ२ जुळत नाही म्हणून पाण्याच्या ओखाली २ लिहून मोकळा होतो आणि पाण्याऐवजी पेरॉक्साइड तयार करतो.

लिपी मिळाली तरी भाषा एक झाली नाही. कोणी ऑक्सिजनचा भार ८ धरी, कोणी १६. कार्बनचा कोणी ६, कोणी १२. पाणी बर्झेलियसच्या लिखाणात दोन हायड्रोजनचं, इतर बऱ्याच जणांच्या लिखाणात एकाचं. ऑगस्ट केकुलेनं १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात अ‍ॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, चलनात असलेली सूत्रं एकापाठोपाठ एक छापली. ती १९ भरली. हा तमाशा थांबावा म्हणून सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय काहीच झाला नाही. पण पांगताना प्रतिनिधींच्या हातात स्तानिस्लाओ कानिझारो या इटालियन प्राध्यापकाची एक पुस्तिका पडली. ती पुस्तिकाच निर्णय ठरली.

कानिझारोची रीत इतकी सोपी आहे की ती आजही शाळेत शिकवायला हवी. अ‍ॅव्होगाड्रोचं म्हणणं खरं माना आणि वेगवेगळे वायू सारख्या आकारमानात तोला. हायड्रोजन वायूचं वजन २ धरा. दोन का, ते लगेच कळेल. मग तेवढीच पाण्याची वाफ १८ भरते, ऑक्सिजन ३२, कार्बन मोनॉक्साइड २८, कार्बन डायऑक्साइड ४४, नायट्रिक ऑक्साइड ३०, सल्फर ट्रायऑक्साइडची वाफ ८०. आता पृथक्करण करून प्रत्येकात निव्वळ ऑक्सिजन किती ते काढा. पाण्यात १६. ऑक्सिजन वायूत ३२. पुढे अनुक्रमे १६, ३२, १६ आणि ४८. कुठेही १६ च्या खाली आकडा उतरत नाही आणि प्रत्येक आकडा १६ च्या पटीत येतो. ऑक्सिजनचा अणू ८ चा असता तर शेकडो संयुगांत कुठेतरी एखादं ८ किंवा २४ सापडायला हवं होतं. सापडत नाही. तेव्हा अणू १६ चा. हायड्रोजनचंही तसंच करा: हायड्रोजन क्लोराइडमध्ये १, पाण्यात २, अमोनियात ३, मिथेनमध्ये ४. सगळ्यात लहान वाटा १, तो अणू. आणि हायड्रोजन वायूत २, म्हणजे त्याच्या रेणूत अणूंची जोडी. पाण्याच्या १८ मधून १६ वजा केले की उरतात २.

हाच तो सूत्रातला २. त्यासाठी अणू पाहावा लागला नाही. डाल्टनचा नियम एका पदार्थाकडे पाहून अंदाज करत होता, कानिझारोनं अनेक पदार्थ एका रांगेत मांडले. लोथार मायर आणि दिमित्री मेंडेलीव्ह दोघंही त्या परिषदेत होते. अणुभार असे एकदा पक्के झाल्यावर नऊच वर्षांनी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्हची आवर्त सारणी आली. गंमत म्हणजे अणू प्रत्यक्ष असतात हे सर्वांना पटायला यानंतरही जवळपास अर्धं शतक गेलं. विल्हेल्म ऑस्टवाल्डसारखा दिग्गज त्यांना निव्वळ सोयीची कल्पना मानत होता. झाँ पेराँनं द्रवात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांवरून १९०८ च्या सुमारास रेणूंची संख्या काढून दाखवली तेव्हा तो नमला.

ती संख्या आज मोल या एककात बांधलेली आहे. पाण्याचा रेणुभार १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, आणि त्यात रेणू सुमारे ६ वर २३ शून्यं इतके. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच नेमक्या आकड्यानं केली जाते: ६.०२२१४०७६ × १०²³. तराजूवर ग्रॅम तोलायचे आणि मनात रेणू मोजायचे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दोनच हायड्रोजन का, याचं आतलं कारण विसाव्या शतकात कळलं. ऑक्सिजनच्या अणूत आठ इलेक्ट्रॉन. सहा बाहेरच्या कवचात, आणि ते कवच भरायला आठ लागतात. दोनाची उणीव. हायड्रोजनकडे वाटून घ्यायला एकच इलेक्ट्रॉन असतो, म्हणून हायड्रोजन दोन लागतात. नायट्रोजनला तिनाची उणीव म्हणून अमोनिया एनएच३, कार्बनला चाराची म्हणून मिथेन सीएच४. या जोडण्याच्या क्षमतेला संयुजा म्हणतात, आणि ती माहीत असली की बरीचशी साधी सूत्रं पाठ न करता लिहिता येतात.

मात्र सूत्राकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ते संख्या सांगतं, मांडणी सांगत नाही. सी२एच६ओ हे सूत्र इथेनॉलचं आहे, जो ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव आहे. आणि डायमिथाइल ईथरचंही आहे, जो शून्याखाली २४ अंशांनाच उकळतो आणि म्हणून एरवी वायू असतो. अणू तेच, संख्या तीच. पहिल्यात ऑक्सिजन टोकाजवळ, कार्बन आणि हायड्रोजन यांच्यामध्ये. दुसऱ्यात तो दोन कार्बनच्या मधोमध.

मिठाच्या बाबतीत तर रेणू शोधूच नका. एनएसीएल असं लिहिलं म्हणून सोडियम–क्लोरिनची एकेक जोडी कुठे बसलेली नसते. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना टोकापासून टोकापर्यंत. सूत्र तिथे फक्त एकास एक हे गुणोत्तर सांगतं. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी हे उघड केलं तेव्हा हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञाला ते इतकं खटकलं की १९२७ मध्येही तो ‘नेचर’ नियतकालिकात मिठाची बाजू घेऊन पत्र लिहीत होता.

आणि बर्थोले? तोही पुरता चुकला नव्हता. लोखंडाचा एक ऑक्साइड आहे, वुस्टाइट नावाचा. नियमानं तो एफईओ, एकास एक. प्रत्यक्षात त्यात लोखंड नेहमी थोडं कमी भरतं आणि किती कमी ते तो कसा तयार झाला यावर ठरतं, सूत्र एफई०.९५ओ असं काहीतरी लिहावं लागतं. अणूचा तुकडा पडलेला नसतो. स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि विद्युतभार जुळावा म्हणून आसपासचे काही लोखंडी आयन दोनाऐवजी तीन भार घेतात. शंभर ऑक्सिजनमागे ९५ लोखंड, एवढाच त्या दशांश चिन्हाचा अर्थ. अशा संयुगांना बर्थोलाइड म्हणतात, आणि ज्यांचा हिशेब पूर्णांकात बसतो त्यांना डाल्टनाइड.